आठवीत गाण्याच्या वर्गाला घालू का?

जून लागला की पालक सल्ल्यासाठी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतातच. मूल आठवीत गेलंय, शाळेत गायन-वादनाचा वर्ग आहे, फॉर्म द्यायला दोनच दिवस उरलेत. घालू की नको? विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा माझ्याकडून एका शब्दाचं उत्तर हवं असतं. ते मी देत नाही. का देत नाही, ते सांगलीतल्या एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वडील साखर कारखान्यात हिशेब विभागात. मुलगा तेरा वर्षांचा. आल्या आल्या वडिलांनी फॉर्म टेबलावर ठेवला. आठवी ते दहावी, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा, वर्षातून दोन कार्यक्रम, शिवाय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा. पालकांच्या सहीची जागा कोरी होती.

"मॅडम, माझा गाण्याला विरोध नाही," वडील म्हणाले. "पण आता आठवी, मग नववी, मग दहावी. एकदा दहावी झाली की काय गायचं ते गा म्हणावं."

हे ऐकताच आईचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सांगितलं. त्या लहानपणी गाणं शिकत होत्या. 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा झाली होती, पुढच्या 'मध्यमा प्रथम'चा फॉर्म भरायचा होता, तेव्हा त्यांच्या वडिलांनी अगदी हेच वाक्य म्हटलं होतं. दहावी झाली की परत सुरू कर. दहावी झाली, बारावी झाली, डी.एड. झालं, लग्न झालं. पेटी माहेरच्या माळ्यावर गेली ती गेलीच.

म्हणजे मुलाच्या फॉर्मवर दोन जुन्या गोष्टी भांडत होत्या. एक आईची राहून गेलेली, दुसरी वडिलांची. त्यांचा चुलतभाऊ भजनी मंडळाबरोबर गावोगाव फिरायचा, त्याचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं आणि घरच्यांनी सगळा दोष गाण्यावर टाकला. मुलगा या सगळ्यात गप्प. विचारलं की खांदे उडवायचा, "तुम्ही म्हणाल तसं." आईला वाटायचं, तो वडिलांना घाबरतो. वडिलांना वाटायचं, त्याला मुळात नकोच आहे, आईचं मन मोडू नये म्हणून गप्प बसतो.

आमच्या भागात गाण्याचा आदर आणि गाण्याची धास्ती एकाच घरात नांदतात. मिरज इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इथल्या माणसांना घरच्यासारखा आनंद झाला. वडिलांना मी सांगितलं की ज्या परीक्षांचा उल्लेख या फॉर्मवर आहे त्यांची नाळ आपल्याच मातीत आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळ्यांना इजा झाली म्हणून त्यांना मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला धाडलं. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्यांच्या पश्चात शिष्यांनी मंडळ स्थापून परीक्षांची घडी बसवली. वडिलांनी हे मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग याचे दहावीला मार्क मिळतात ना?"

हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षा ठरावीक टप्प्यापर्यंत उत्तीर्ण झाल्या तर राज्य मंडळाच्या दहावीत सवलतीचे गुण मिळतात, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मिळतात तसे. नेमक्या अटी शाळेच्या कार्यालयात विचारून घ्या, दुसऱ्या पालकाच्या सांगण्यावर जाऊ नका. पण वर्षाला एक परीक्षा धरली तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण एवढ्यातच दहावी येते. केवळ त्या गुणांसाठी तीन वर्षं संध्याकाळी बसणारं मूल मी पाहिलेलं आहे. दहावीची गुणपत्रिका हातात आली त्या आठवड्यात त्याने तबला कपाटावर ठेवला.

आईचा मुद्दा वेगळा होता. गाण्याने बुद्धी वाढते, गणित सुधारतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. या समजाला खतपाणी घालणारा एक प्रयोग १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात आला होता. कॅलिफोर्नियातल्या ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर आकार-जागेच्या एका प्रकारच्या कोड्यांत थोडी बरी कामगिरी केली. तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. त्या प्रयोगात शाळकरी मुलं नव्हती आणि कुणी गाणं शिकतही नव्हतं. तरी त्यावरून केवढा बाजार उभा राहिला. मी आईंना म्हटलं, गणितासाठी गाण्याला घालू नका. गणिताची शिकवणी आहे की.

मग दोघांना बाहेर बसवलं आणि मुलाशी एकट्याने बोलले.

"तुला गाणं आवडतं का?" असं मी मुलांना विचारत नाही. या वयात त्याचं उत्तर समोरचा माणूस बघून दिलं जातं. मी दिवसाबद्दल विचारते. सकाळी उठल्यापासून काय काय होतं, सायकलवरून जाताना काय करतोस, घरी कुणी नसलं की काय करतोस. तो सांगत गेला. सहावीत आणि सातवीच्या सुरुवातीला परिपाठात प्रार्थना तोच सांगायचा. आंघोळ करताना गायचा, सायकलवर गायचा, आजी ओरडायची.

"आणि आता?"

"आता नाही."

"कधीपासून?"

त्याने लगेच सांगितलं. सातवीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात.

इतकी नेमकी वेळ ऐकली आणि मी कान टवकारले. एखादी आवड ओसरते तेव्हा तिला तारीख नसते. आधी रोज, मग अधूनमधून, मग सुट्टीत कधीतरी, अशी ती मागे पडते. एका आठवड्यात सगळं बंद होतं तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं.

झालं असं होतं की परिपाठात प्रार्थनेची वरची ओळ घेताना त्याचा आवाज मध्येच फाटला. चिरका, कोंबड्यासारखा, हे त्याचेच शब्द. अख्खं मैदान हसलं, आणि त्यांतली दोन मुलं पुढे महिनाभर त्याला तसा आवाज काढून दाखवत होती. दुसऱ्या दिवसापासून तो रांगेत उभा राहून नुसते ओठ हलवू लागला. घरी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. घसा बिघडला म्हणून आजी ज्येष्ठमध द्यायची, तो निमूटपणे चघळायचा. पाच महिने.

"माझा गळा गेलाय," तो म्हणाला. "वर्गात गेलो तर सरांना कळंल."

या घरात गाणं शिकलेली आई आहे, अनुभवी आजी आहे, काळजी करणारे वडील आहेत. पण कंठ फुटतोय एवढी साधी गोष्ट त्याला कुणी समजावून सांगितली नव्हती. मला याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं, कारण हे फार घरांत होतं. पाळीबद्दल मुलींशी बोलायला आपण आता कुठे शिकलो आहोत. मुलग्यांच्या आवाजाबद्दल बोलायची वेळ आली की सगळे हसण्यावारी नेतात.

मी त्याला कागदावर काढून दाखवलं. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. सतारीची जाड तार खालचा सूर देते तसंच हे, म्हणून आवाज जवळजवळ एक सप्तक, म्हणजे वरच्या सा पासून खालच्या सा इतका, खाली येतो. तंतू वाढत असतात पण त्यांना आवरायची सवय स्नायूंना अजून झालेली नसते, म्हणून सूर मध्येच निसटतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडाच, त्यामुळे तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. हे सगळं स्थिरावायला काही महिने लागतात, कुणाला वर्ष-दोन वर्षंही. गळा गेलेला नसतो, नवा येत असतो.

त्याने विचारलं, "मग जुना परत येणार नाही?"

नाही, म्हटलं. खोटं सांगायचं कशाला? तो थोडा वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "सरांना हे माहीत असतं का?"

त्याच्या आणि आईवडिलांच्या संमतीने मी संगीताच्या सरांना फोन केला. सरांना माहीत होतं, चांगलंच माहीत होतं. दरवर्षी आठवीची दोन-तीन मुलं अशीच गळतात, असं ते म्हणाले. अशा मुलांना ते वर्षभर तार सप्तकाकडे, म्हणजे वरच्या सुरांकडे, फिरकू देत नाहीत. खालच्या पट्टीत, आवाज न ताणता अलंकार, म्हणजे सुरांचा सराव, सोबत पेटीवर बोटं आणि हाताने ताल. घसा दुखला की त्या दिवशी गायचं नाही. आणि गायन जमत नसेल तर हार्मोनिअम किंवा तबला घेता येतो, त्यांच्याही परीक्षा असतात. हे फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी पालकांना सांगते, फॉर्म वाचून ठरवू नका. आधी त्या सरांना किंवा बाईंना भेटा, तासभर वर्गाच्या मागच्या बाकावर बसा. चुकलेल्या मुलाशी शिक्षक कसे बोलतात तेवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

राहिला वेळेचा प्रश्न. वडील हिशेबातले, म्हणून हिशेबच मांडला. आठवड्याचे १६८ तास. झोप ५६, शाळा जाण्यायेण्यासकट ४५, शिकवणी १०, घरचा अभ्यास ९, जेवणखाण-आंघोळ वगैरे २१. उरले २७. वर्गाचे साडेचार आणि रोज अर्धा तास रियाज धरून आणखी साडेतीन, म्हणजे आठ. वडील दोनदा बेरीज करून म्हणाले, "तास आहेत की मग."

तास होते, पण अडचण निघाली दुसरीच. मंगळवारी आणि गुरुवारी साडेपाचला गणिताची शिकवणी, आणि पाच ते साडेसहा गाण्याचा वर्ग. घरात पंधरा दिवस करिअर आणि भविष्य यांवर वाद चालला होता, खरी गाठ मात्र या दोन संध्याकाळींची होती. शिकवणीवाल्या सरांची सकाळी साडेसहाची तुकडी होती. पहाटे उठायचं की नाही हे आम्ही मुलावर सोडलं. तो तयार झाला.

सही करताना तीन गोष्टी ठरल्या, त्या मी त्याच्यासमोरच बोलून घेतल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्ग सोडायचा नाही, कंटाळा आला तरी. दिवाळीनंतर पुढे जायचं की नाही हे तो ठरवेल, आणि त्याने नाही म्हटलं तर आई रुसणार नाही. एका चाचणीचे गुण घसरले म्हणून वडील वर्ग बंद करणार नाहीत. आईला दुसरी अट जड गेली. "मी रुसत नाही हो," म्हणाल्या, आणि मुलगा हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. त्याच महिन्यात नववीतली एक मुलगी आली होती. चार वर्षं गाणं शिकलेली, सूर चांगला, आईवडील वर्गासाठी आग्रही. तिलाही मी दिवसाबद्दलच विचारलं, तर तिने सांगितलेल्या दिवसात सगळीकडे खो-खो होता. गुडघ्यावरची खरचटं तिने कौतुकाने दाखवली. तिच्या 'नाही'मागे काहीच दडलेलं नव्हतं. तिला वर्गाला घालू नका, असं मी सरळ सांगितलं. चार वर्षं वाया गेली म्हणून वडील हळहळले. ती वाया गेलेली नाहीत असं मला मनापासून वाटतं, पण ते त्यांना त्या दिवशी पटलं नाही.

मुलाची पहिली घटक चाचणी झाली आणि वडिलांचा फोन आला. गणितात वीसपैकी सतराचे चौदा झाले होते. आवाजात ताण होता. मी फक्त ठरलेल्या अटीची आठवण दिली. "होय, लक्षात आहे," म्हणाले, "तुम्हाला सांगावं म्हणून केला." सत्र परीक्षेत गुण पुन्हा वर आले. त्यात सकाळच्या तुकडीचा वाटा किती आणि इतर कशाचा किती, हे सांगण्याचा दावा मी करणार नाही.

दिवाळीनंतर तो एकटाच सायकलवरून आला. कार्यक्रमात यंदा गाणार नाही, पेटीची साथ करणार, हे सरांशी बोलून झालं होतं. वर्ग चालू ठेवणार होता. आवाज बराच खाली गेला होता, मधूनमधून अजून निसटत होता. तसा निसटला की तो थांबायचा आणि वाक्य पुन्हा सुरू करायचा. माळ्यावरची पेटी आईने माहेरून आणवली होती. भाता फाटला होता, तो मिरजेत दुरुस्त करून घेतला.

"आधी मी काळी पाचमध्ये गायचो," तो म्हणाला. "आता पांढरी दोन चालते. सर म्हणतात, अजून खाली जाईल."

"मग?"

"बघू," म्हणाला, आणि शिकवणीला उशीर होतो म्हणून निघाला.