शेजाऱ्याची गाडी आणि आपला पगार

प्रश्न : मी नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात नोकरी करतो आणि दरमहा ५५,००० रुपये हातात येतात. गंगापूर रोडवर राहणारे माझ्याच वयाचे मित्र मोठ्या गाड्या घेतात, वर्षातून दोनदा सहलीला जातात. त्यांना हे कसे परवडते? माझा पगार कमी आहे का? – एक वाचक, सिडको

उत्तर : गाडी आपल्याला दिसते, तिचा हप्ता दिसत नाही. दहा लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे १६,१०० रुपये जातात आणि व्याजच साडेतीन लाखांवर पोहोचते. शिवाय वडिलांनी बांधलेले घर, गावाकडची द्राक्षबाग किंवा पती-पत्नी दोघांची कमाई यांपैकी काही पाठीशी असेल, तर तेवढ्याच पगाराचा माणूस आपल्यापेक्षा बराच सैल हाताने खर्च करू शकतो. हे त्याच्या पगारपत्रकावर कुठेच लिहिलेले नसते. (सहलीही हप्त्यांवर मिळतात, हे आम्हालाही अलीकडेच कळले.) ‘चांगला पगार’ ठरवताना घरभाडे, मुलांची फी आणि आई-वडिलांचे औषधपाणी वजा करून काय उरते, ते पाहावे. आपले घर स्वतःचे असेल, तर आपला पगार कमी आहे असे आम्हाला वाटत नाही. भाड्याचे असेल आणि दोन मुले शिकत असतील, तर ओढाताण होणारच, आणि त्यात आपली चूक नाही.