पाळीपाळीने खेळायच्या लढाईच्या गेममधली कथा मनाला भिडू शकते का?

लहान स्टुडिओने केलेला, पाळीपाळीने चाली करायचा डावपेचांचा गेम आपल्याला हवा आहे. पण अशा गेममध्ये आकडेमोडच इतकी असते की कथा नुसती तोंडी लावण्यापुरती उरते, असा आपला आजवरचा अनुभव आहे. मी आपल्याला ‘द बॅनर सागा’ सुचवेन, कारण त्यातली आकडेमोड करता करताच माझा जीव त्या माणसांत गुंतला.

बायोवेअर ही मोठी गेम कंपनी सोडून आलेल्या तिघांनी अमेरिकेतील ऑस्टिन येथे स्टॉइक हा स्टुडिओ काढला. २०१२ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १ लाख डॉलर मागितले आणि २० हजारांहून अधिक लोकांनी मिळून ७ लाखांहून अधिक डॉलर दिले. पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला, पुढचे दोन २०१६ आणि २०१८ मध्ये.

सूर्य आकाशात एका जागी थांबला आहे, ड्रेज नावाचे दगडी चिलखतातले योद्धे बर्फाळ मुलखातली गावेच्या गावे उद्ध्वस्त करत येत आहेत, आणि स्कोगर गावचा शिकारी रूक आपली मुलगी अलेट आणि वाचलेले गावकरी यांना घेऊन वाट फुटेल तिकडे निघाला आहे. पडद्यावर डोंगरउतारावरून माणसांची लांब रांग चालत असते आणि तिच्या डोक्यावर तेवढेच लांब निशाण फडफडत असते. आम्हा सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना पताकेमागून चालणारी रांग नवी नाही. पण या रांगेला पोहोचायला पंढरपूर नाही, कारण त्या जगातले देव केव्हाच मरून गेलेले आहेत.

लढाई जिंकली की ‘रिनाउन’ मिळते, म्हणजे कीर्ती म्हणा. ती खर्चून लढवय्यांची पायरी वाढवता येते आणि त्याच कीर्तीतून बाजारात तांड्यासाठी शिधाही घ्यावा लागतो. भाव गावोगावी बदलतो. शिधा संपला की दिवसागणिक माणसे दगावतात, उरलेल्यांचे मनोबल खचते आणि त्याचा परिणाम पुढच्या लढाईत दिसतो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे पिंपातले पाणी चादरी धुण्यात घालवायचे की पुढच्या पाण्यापर्यंत राखायचे, हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला येतो. तरीही मी एकदा शिधा तीन दिवसांचा उरलेला असताना सगळी कीर्ती एका योद्ध्यावर घातली. पुढचे गाव मला वाटले त्याहून लांब निघाले. पडद्याच्या वरच्या बाजूला असलेला माणसांचा आकडा रोज थोडा थोडा उतरत होता. ज्यांची नावेही मला ठाऊक नव्हती, त्यांच्यासाठी मी त्या रात्री बराच वेळ अस्वस्थ होतो.

चौकटींच्या पटावरची लढाईही याच जातीची आहे. प्रत्येकाची ‘स्ट्रेंग्थ’ हाच त्याचा जीव आणि हीच त्याच्या वाराची ताकद, म्हणजे दहा स्ट्रेंग्थचा माणूस सहा ‘आर्मर’ (म्हणजे चिलखत) असलेल्या शत्रूच्या स्ट्रेंग्थचे चार गुण घटवतो, पण तोच जखमी होऊन पाचावर आला की त्याचा वार जेमतेम एका गुणाचा होतो आणि तोही वाया जाऊ शकतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या चाली एकाआड एक होतात, मग माणसे कितीही असोत. त्यामुळे शत्रूचे दुबळे प्यादे मारून टाकले तर त्यांच्या उरलेल्या बलवानांची पाळी लवकर लवकर येते, म्हणून दुबळ्यांना अर्धमेले करून सोडणेच फायद्याचे ठरते. हा नियम अनेकांना कृत्रिम वाटतो. मला तो पटतो, कारण त्यामुळे जखमी माणूस पटावर शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहतो.

मात्र मला खरा चटका अलेटमुळे बसला. ती तिरंदाज आहे; जागची न हलता बाण सोडला तर चिलखत फुटलेल्या शत्रूला ती जास्त जखमी करते. मी तिला प्रत्येक लढाईत मागच्या कोपऱ्यात, वार्ल जमातीच्या दोन धिप्पाड, शिंगवाल्या योद्ध्यांच्या आड उभी करत असे. पायरी वाढण्यासाठी ठरावीक शत्रू स्वतःच्या हाताने पाडावे लागतात, आणि मी तिला सांभाळत राहिल्यामुळे ती इतरांच्या मानाने कच्चीच राहिली. माझी मुलगी, त्या वेळी दहावीत होती, शेजारी बसून पाहत होती. तिने विचारले, “पप्पा, तिला पुढे का नेत नाही?” तिला धोका आहे, असे मी सांगितले. “मागं राहिली तरी आहेच की,” ती म्हणाली. पुढच्या लढाईत मी अलेटला पहिल्या रांगेच्या लगत उभे केले आणि तिची पाळी येईपर्यंत माझा हात माऊसवर घट्ट आवळलेला होता. पहिल्या भागाच्या शेवटी या बापलेकीपुढे काय वाढून ठेवले आहे, ते मी इथे सांगणार नाही. आपणही आधी कुठे वाचू नका.

संवाद बरेच आहेत आणि ते इंग्रजीत वाचावे लागतात, तेव्हा घाई करू नका. लढाया जड वाटल्या तर काठिण्यपातळी मध्येच कमी करता येते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण एखादा निर्णय चुकला म्हणून जुनी सेव्ह उघडून मागे जाऊ नका. भाग क्रमानेच खेळा, कारण पहिल्यात आपण जे ठरवाल आणि ज्यांना गमवाल, ते दुसऱ्यात आणि तिसऱ्यात तसेच पुढे येते.