स्लॅबआधीचा वाढीव खर्च: आत्ता किती, नंतर किती

नमस्कार,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही धागा लागेल. घराची प्लिंथ (जोतं) झाली आहे, कॉलम वर आले आहेत, सेंट्रिंग (स्लॅबला आधार देणारा साचा) लागतंय आणि पंधरा दिवसांत स्लॅब पडणार आहे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन या दोघांनी मिळून "आत्ताच करून घ्या, नंतर फोडावं लागेल" असं म्हणत एक वाढीव यादी दिली आहे. तिचा खर्च एकूण बांधकामाच्या ४ टक्के आहे. कर्ज मंजूर मर्यादेपर्यंत वापरून झालंय. म्हणजे पैसा उभा करायचा तर सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका जो आपत्कालीन निधी आहे त्यातला निम्मा काढावा लागेल, नाहीतर कर्ज वाढवून घ्यावं लागेल. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, "आधी राहायला जा, गरज पडेल तसं करा."

माझं मत असं: यादीतला निम्म्याहून थोडा कमी भाग करा, आपत्कालीन निधीला हात न लावता करा, आणि बाकीच्यातला बराचसा भाग कधीच केला नाही तरी चालेल.

प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि घरातली मोठी माणसं, सगळे या ४ टक्क्यांकडे एकच निर्णय म्हणून बघताहेत. खरं तर ते तीन निर्णय आहेत आणि प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी आहे. काही गोष्टींची मुदत स्लॅब पडेल त्या दिवशी संपते. काहींची प्लास्टर आणि फरशी होईपर्यंत असते. आणि काहींची मुदत संपतच नाही, त्या राहायला गेल्यावर पाच वर्षांनीही तेवढ्याच खर्चात होतात. पैसा तंग असताना तो या क्रमाने सोडायचा. ज्याची मुदत पंधरा दिवसांत संपते त्याचाच निर्णय आज घ्या.

तुम्ही पाठवलेली यादी मी या चाळणीतून काढली.

पहिली चाळणी स्लॅबची. स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या की काँक्रीट ओतण्याआधी पंख्यांचे बॉक्स, दिव्यांचे बॉक्स आणि त्यांना जोडणारे पाइप ठेवावे लागतात. ते तुमच्या मूळ करारात आहेतच. वाढीव यादीतलं जे इथे येतं ते म्हणजे डीबीपासून (घराच्या वीजवाटपाच्या पेटीपासून) गच्चीपर्यंत सौरऊर्जेसाठी एक रिकामा पाइप, डीबीपासून गाडी उभी राहते तिथपर्यंत एक मोठ्या व्यासाचा रिकामा पाइप, आणि इंटरनेट व कॅमेऱ्यांसाठी वेगळी लाइन. याशिवाय वरच्या बीममधून पाणी, सांडपाणी आणि अर्थिंगसाठी स्लीव्ह, म्हणजे पाइप आरपार जायला आधीच ठेवलेल्या नळ्या. हे सगळं करा. यात पैसा लागतो तो पोकळ पाइपाचा आणि थोड्या मजुरीचा. विजेची तार आत्ता टाकू नका. पुढे विजेची तार ओढून घेता यावी म्हणून पाइपातून फक्त एक बारीक गंज न धरणारी तार ओढून ठेवा आणि दोन्ही टोकं बूच लावून बंद करा. गाडी चार्ज करण्याचा घरगुती चार्जर ७.४ किलोवॉटचा असेल तर २३० व्होल्टवर तो सलग काही तास सुमारे ३२ अँपिअर खेचतो, त्याला चांगली जाड तार लागते. पण तुम्ही कोणता चार्जर घ्याल, घ्याल की नाही, हे आज ठरलेलं नाही. मग महाग तांबं भिंतीत कशाला अडकवायचं? रिकामा पाइप हा स्वस्तात राखून ठेवलेला हक्क आहे, वापरलात तर उत्तम, नाही वापरलात तर नुकसान क्षुल्लक.

बीममधल्या स्लीव्हबद्दल मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगते. नंतर बीमला भोक पाडणं हा केवळ खर्चाचा मामला नाही, त्यात सळई कापली जाऊ शकते आणि घराच्या मजबुतीला धक्का लागतो. स्लीव्ह कुठे आणि केवढी हे स्ट्रक्चरल डिझायनरला विचारूनच ठरवा, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

दुसरी चाळणी प्लास्टर आणि फरशीची. इथे तुमच्याकडे अजून काही आठवडे आहेत, त्यामुळे याचा पैसा आज देण्याची गरज नाही. पण यादीतल्या सर्वांत महत्त्वाच्या दोन गोष्टी इथेच आहेत.

एक म्हणजे गिझर, एसी, ओव्हन अशा जड उपकरणांना स्वतंत्र लाइन. मूळ करारात एकाच लाइनवर दोन खोल्यांचे सॉकेट आणि एक गिझर दिसतोय. २ किलोवॉटचा गिझर एकटाच जवळपास ८.७ अँपिअर घेतो. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात तयार होणारी उष्णता चौपट होते. आगीचा धोका टाळण्याच्या कामात पैसा वाचवू नये. प्रत्येक जड उपकरणाला वेगळी लाइन, त्या लाइनला तिच्या तारेच्या जाडीला साजेसा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच), आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). एमसीबी तारेला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. तुमच्या वाढीव यादीत आरसीसीबी 'ऐच्छिक' म्हणून लिहिला आहे, तो मला ऐच्छिक वाटत नाही. अर्थिंग नीट असेल तरच ही सगळी व्यवस्था पूर्ण होते, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. डीबी घेताना चार-सहा जागा रिकाम्या राहतील एवढा मोठा घ्या, फरक किरकोळ असतो.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. संडासाची लाइन आणि अंघोळ-कपड्यांच्या पाण्याची लाइन बाहेरच्या चेंबरपर्यंत वेगळी ठेवा. ते पाणी झाडांना वापरण्याची यंत्रणा आज बसवायची नाही. पण दोन्ही पाणी एकदा घरातच एकत्र झालं की वेगळं करायला बाथरूमची अख्खी फरशी उखडावी लागते. लाइनचा उतारही आत्ताच बघून घ्या. १०० मिलिमीटरच्या पाइपाला साधारण ४० मीटरला १ मीटर, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार चांगला चालतो. फरशीखाली गेल्यावर उतार दुरुस्त होत नाही.

याच चाळणीत प्लंबरची गरम पाण्याची मोठी योजना येते: गच्चीवर एकच हीटर, तिथून तिन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघराला लाइन, शिवाय पाणी फिरतं ठेवायला परतीची लाइन आणि पंप. ही मी अर्धीच मान्य करेन. नकाशात दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर एकमेकांना लागून आहेत, तिथे एका हीटरवरून लाइन घ्या. तिसरं बाथरूम दुसऱ्या टोकाला, जवळपास १० मीटरवर आहे. आतला व्यास १६ मिलिमीटर असलेल्या १० मीटर पाइपात २ लिटर पाणी मावतं. म्हणजे तिथे नळ उघडला की प्रत्येक वेळी आधी २ लिटर गार पाणी वाहून जाणार. ते टाळायला परतीची लाइन आणि पंप, मग पंपाची वीज आणि देखभाल. त्यापेक्षा त्या बाथरूमला छोटा स्वतंत्र गिझर स्वस्त पडेल. तिथे गिझरचा पॉइंट, थंड पाण्याची लाइन आणि गिझरपासून नळापर्यंत गरम पाण्याचा पाइप एवढंच करा. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा तसाच उष्णता सोसणारा पाइप हवा, साधा यूपीव्हीसी तिथे चालत नाही.

तिसऱ्या चाळणीतलं सगळं थांबवा. ऑटोमेशनचे स्विच, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या, शोभेचे दिवे, सौर पॅनेल यांतलं काहीच भिंतीत गाडलं जात नाही. फक्त दोन तयाऱ्या स्वस्तात होतात, त्या करा. प्रत्येक स्विचबोर्डपर्यंत न्यूट्रल तार न्या आणि बॉक्स थोडे खोल घ्या, कारण बऱ्याचशा स्मार्ट स्विचना न्यूट्रल लागतो. आणि दिवे-पंखे ज्यावर चालावेत असं वाटतं ते सर्किट डीबीत वेगळं काढून ठेवा, इन्व्हर्टर पुढे केव्हाही जोडता येईल.

राहिला वरचा मजला. "कधीतरी बांधू" म्हणून यादीत त्याच्या पूर्ण नळजोडणीची तरतूद आहे. मी फक्त सांडपाण्याच्या उभ्या पाइपाची जागा आणि एक मोठा रिकामा विजेचा पाइप वरपर्यंत नेईन. वरच्या खोल्यांचा नकाशाच नसताना त्यांचे नळ कुठे असतील हे ठरवणं म्हणजे अंदाजावर पैसे लावणं.

आता आकड्यांकडे. कोणत्याही एका कामाबद्दल शंका असेल तर ठेकेदाराकडून त्याच कामाचे दोन दर मागा: आज केलं तर किती, आणि राहायला गेल्यावर फोडून, परत प्लास्टर, फरशी, रंग करून किती. समजा उत्तर आलं, आज १ आणि नंतर ६. ९ टक्के दराने पैसा साधारण आठ वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे आठ वर्षांनी द्यायचे ६ हे आजच्या हिशेबाने ३ झाले. मग त्या कामाची गरज पडण्याची शक्यता तीनात एक किंवा जास्त असेल तर ते आजच करावं. मजुरी आणि सामान महाग होत जाणार हे धरलं तर नंतरचा आकडा ६ वर थांबणार नाही, म्हणून त्याहून थोडी कमी शक्यता असली तरी करायला हरकत नाही. गच्चीचा रिकामा पाइप या कसोटीत सहज बसतो. वरच्या मजल्याची नळजोडणी बसत नाही, कारण तिथे चुकीच्या जागी केलेलं काम पुन्हा फोडावंच लागेल. मोठ्यांचं "गरज पडेल तसं करा" हे तिसऱ्या चाळणीला अगदी बरोबर आहे, पहिल्या चाळणीला ते महागात पडेल.

या हिशेबाने तुमच्याच यादीतले आकडे धरले तर ४ पैकी पावणेदोन टक्क्यांचं काम उरतं. त्यातलंही स्लॅबआधी लागणारं अर्ध्या टक्क्याच्या आत आहे.

हा पैसा कुठून आणायचा? तुमच्या बजेटमध्ये फॉल्स सीलिंग, वॉर्डरोब आणि शोभेचे दिवे यांसाठी मिळून ५ टक्के ठेवले आहेत. त्यातून घ्या. फॉल्स सीलिंग दोन वर्षांनी केलं तर कोणाचंच काही बिघडत नाही. आपत्कालीन निधी अजिबात काढू नका. घर बांधत असतानाच तो सर्वांत जास्त लागतो: हप्ता सुरू झालेला असतो, काही काळ भाडंही चालू असतं, आणि काम ठरल्या रकमेत क्वचितच संपतं. तो निम्म्यावर आला आणि मधेच एखाद्याचं उत्पन्न थांबलं तर महागडं वैयक्तिक कर्ज घेण्याची वेळ येते.

कर्ज वाढवण्याबद्दल. २० वर्षं मुदत, ९ टक्के दर धरला तर घेतलेल्या प्रत्येक १०० मागे शेवटी सुमारे २१६ भरले जातात. जी वस्तू कर्ज फिटेपर्यंत टिकेल तिच्यासाठीच एवढी लांब मुदत शोभते. भिंतीत नीट गाडलेला पाइप त्यात बसतो. पाच-सात वर्षांत बदलले जाणारे दिवे आणि स्विच बसत नाहीत. त्यामुळे सगळं पुढे ढकलूनही थोडी तूट राहिलीच, तर तेवढीच रक्कम आणि फक्त गाडल्या जाणाऱ्या कामासाठी वाढवून घ्या.

खर्च कमी करायचा दुसरा मार्ग लोक सहज घेतात, तो म्हणजे पाइप आणि तारेचा दर्जा उतरवणं. ते करू नका. कमी करायचेच असतील तर पॉइंट कमी करा. इलेक्ट्रिशियन दर पॉइंटमागे लावतो, आणि तुमच्या नकाशात हॉलमध्येच इतके पॉइंट आहेत की निम्मे सोफ्यामागे झाकले जातील. एका संध्याकाळी नकाशावर पलंग, सोफा, कपाट, वॉशिंग मशीन पेन्सिलने मांडा आणि मग पॉइंट मोजा. वाढीव पॉइंटचा दर काय, हेही आत्ताच लिहून घ्या. काम अर्ध्यावर असताना विचारलेला दर कायम चढाच असतो.

आणि पैसे हातचे राखून द्या. प्लंबरचा हप्ता दाबचाचणी झाल्यावर: प्लास्टरआधी सगळ्या लाइन बंद करून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन दाबमापकाच्या काट्याकडे बघायचं, तो खाली येता कामा नये. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचा हप्ता तिथे किमान २४ तास पाणी साठवून खालची बाजू कोरडी दिसल्यावर. इलेक्ट्रिशियनचा हप्ता इन्सुलेशन आणि अर्थिंगची मोजणी तुमच्या समोर झाल्यावर. एकूण रकमेतले ५ ते १० टक्के राहायला गेल्यानंतर काही महिन्यांनी द्यायचे, हे करारात घाला. स्लॅबच्या आदल्या दिवशी आणि प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा आणि स्लॅबचा, मोजपट्टी लावून, फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी खिळा कुठे ठोकायचा नाही हे त्यातूनच कळतं, आणि गळती झालीच तर एकच फरशी काढावी लागते.

स्लॅबची तारीख आणि तुमची रिकाम्या पाइपांची यादी जुळत नसेल तर ठेकेदाराकडून दोन दिवस मागून घ्या. ते देताना तो सेंट्रिंगचं भाडं वाढल्याचं सांगेल. तेवढं भाडं द्या.