पल्ला मागच्या सायकलीने ठरवावा

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. श्रीवर्धन ते तेरेखोल अशी समुद्रकाठची सफर, रोजचा पल्ला ९० किलोमीटर, निघण्यापूर्वी सर्वांची चाचणी आणि तिच्यात जे मागे पडतील त्यांनी एक तर गळावे किंवा मागून येणाऱ्या टेम्पोत बसावे, असा तुमचा बेत आहे. आणि तरीही गट सर्वसमावेशक व पर्यावरणस्नेही म्हणवला जातो. बिनगिअरच्या सायकलीवर येणारी शिक्षिका आणि पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ यांना ‘नाही’ कसे म्हणावे, असे तू मला विचारतोस. म्हणायचेच नाही. पल्ला बदलायचा. गटाचा दिवसाचा पल्ला सर्वांत मागच्या सायकलीने ठरवायचा असतो.

९० हा आकडा आला कुठून, तेही मला कळले आहे: तो देशावरचा आहे. कोकणात रस्ता प्रत्येक खाडीशी समुद्रसपाटीला उतरतो आणि लगेच जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चढतो; दिवसातून असे तीन-चारदा झाले, त्यात दमट हवा आणि कॅरियरवर सामान असले, की पुण्याजवळ ८० किलोमीटर सहज करणारा माणूस ५० ला हात टेकतो. जानेवारीतसुद्धा उजाडताना निघून अकराच्या आत बराचसा रस्ता मागे टाकलेला बरा. म्हणून ४५ ते ५५ धरा, आणि रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारखे चढ ज्या दिवशी आहेत त्या दिवशी त्याहूनही कमी.

पुढचे पुढे गेले तर काय बिघडते, असे तुमच्यातले वेगवान विचारतील. त्यांना नकाशा दाखव. बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या तिन्ही ठिकाणी फेरीबोटीने खाडी ओलांडायची आहे. पुढच्यांनी आधीची बोट पकडली, की पंप एका तीरावर आणि पंक्चर दुसऱ्या तीरावर अशी अवस्था होते आणि मागचे लोक पुढची फेरी येईपर्यंत धक्क्यावर उन्हात बसून राहतात. थांबले तर मात्र सर्वांना एकच बोट मिळते. मग त्या आधीच्या तासभर दामटण्यातून मिळवले काय? वाटेतल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात आणि संध्याकाळी पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची असतील, तर ठरल्या वेळेला सगळ्यांनी तिथे असावे लागते, निम्म्यांनी नव्हे.

याला उपाय आहे, आणि तो चाचणीपेक्षा सोपा आहे. सामाईक ओझे वेगवानांना द्यायचे. स्टोव्ह, पातेली, तांदूळ-डाळ, हवेचा पंप, पान्यांची पिशवी हे सगळे जो सर्वांत पुढे पळतो त्याच्या कॅरियरवर बांधायचे आणि शिक्षिकेच्या सायकलीवर फक्त तिचे कपडे व पाण्याची बाटली ठेवायची. दोन दिवसांत वेगातले अंतर बरेच मिटते. शेवटच्या सायकलीमागे बॅक लीड म्हणून रोज वेगळा माणूस ठेवायचा, आणि तोही दमलेल्यांपैकी नव्हे, तर ज्याला मागे राहणे सर्वांत जड जाते असा.

टेम्पोचे तर नावच काढू नकोस. बारा सायकलींच्या मागे दिवसभर डिझेल जाळत रांगणारे वाहन ठेवून पर्यावरणाच्या गप्पा कशा मारता येतात, हे मला समजत नाही. टेम्पो ठेवला की बाटलीबंद पाण्याची खोकी आणि फेकायच्या ताटल्या आपोआप त्यात चढतात. प्लास्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी चढतात. शिवाय मागे पडलेल्या माणसालाच टेम्पो सामान बनवून टाकतो. कोणी आजारी पडले तर एसटी आहे, तिने संध्याकाळचा मुक्काम गाठता येतो. पण ते ज्याचे त्याने ठरवायचे, गटाने ठरवून बसवायचे नाही.

आणखी दोन गोष्टी तुझ्या यादीत नाहीत. सड्यावर मैलोगणती आडोसा नसतो, तेव्हा बायकांसाठीचा थांबा सड्याच्या आधीच्या वस्तीत, शौचालय आहे याची खात्री करूनच ठेवावा. दुसरे, मुक्काम ठरवताना कुठे कुठे फोनवर आडनावे विचारली जातात. आमच्यात सगळे आहेत आणि सगळे एका पंक्तीला जेवतील, एवढेच सांगायचे. नको म्हणाले तर दुसरे घर पाहायचे. त्यापायी दहा किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, आणि ते दहा किलोमीटरसुद्धा मागच्या सायकलीला झेपतील असे बघायचे.

तू म्हणशील, ताई आता स्वतःच मागे असतात, म्हणून हे तत्त्वज्ञान. तसे नाही. मी सर्वांच्या पुढे असायचे तेव्हापासून हा हट्ट धरला आहे आणि त्याची किंमतही दिली आहे. बरोबरीचे चांगले सायकलस्वार या एका नियमाला कंटाळून वेगळे झाले, मनाली ते लेह त्यांनी माझ्याशिवाय केले, आणि तो रस्ता माझा राहिला तो राहिलाच. हळहळ वाटते, ती लपवत नाही. पण त्यांच्या सफरीत शेवटी चारच जण उरले होते, आणि आमच्याबरोबर ज्या बाई सायकलीवर पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर पडल्या, त्या आज दुसऱ्यांना घेऊन जातात. मी चुकले असे मला कोणी अजून पटवून दिलेले नाही. तू प्रयत्न करून पाहा, पण आधी कोकणातला एक चढ कॅरियरवर पातेली बांधून चढ आणि मग लिही.

येत्या बैठकीत चाचणीचा विषय काढून टाक आणि पल्ला पुन्हा आख. दिवस वाढत असतील तर तेरेखोलचा आग्रह सोडून मालवणला थांबा; तिथून कुडाळ स्टेशन तीसेक किलोमीटरवर आहे आणि सायकली पार्सलने गाडीत चढवता येतात, मात्र त्याची चौकशी स्टेशनवर आधी करून ठेव. टेम्पोवाल्याला इसार दिला असेल तर उद्याच परत माग.

कळावे,
तुझी ताई