तुझी फाईल तू वाचलीस का?

अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन ठेवला आणि राहवेना, म्हणून लिहायला बसलो. तू विचारलंस, "काका, नोकरी बदलू की नको?" मी विचारलं, आय-१४०, म्हणजे तुझ्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने इथे अमेरिकेत सरकारकडे केलेला अर्ज, मंजूर होऊन किती दिवस झाले? तू म्हणालीस, "एचआरला विचारावं लागेल." प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तुझी तारीख, काय? "वकिलांकडे असेल." तिथे माझा आवाज चढला. तो मनावर घेऊ नकोस, पण कारण समजून घे. साताऱ्याकडच्या जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे आहे म्हणून तुझ्या वडिलांनी तो कधी न वाचता सोडला असता का? मग तू स्वतःची फाईल का सोडतेस?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या एका तारखेत आहे. जानेवारी २०१७ मध्ये लागू झालेल्या नियमानुसार मंजुरीला १८० दिवस उलटले असतील, तर जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतला तरी त्याच्या आधारावर एच-वनला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, सहा वर्षांच्या मर्यादेपुढची मुदतवाढ मिळू शकते. प्रायॉरिटी डेटही तुझीच राहते. १८० दिवसांच्या आत मागे घेतला तर तारीख सहसा टिकते, मुदतवाढ मात्र अडते. आणि तुझं पाचवं वर्ष चालू आहे! नवी कंपनी पर्म (आय-१४०च्या आधीची कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० पहिल्यापासून करेल, पण रांगेतली जागा जुनीच राहील. तुझी मॅनेजर म्हणते, "सोडलंस तर ग्रीन कार्ड गेलं." ती मुद्दाम खोटं सांगते असं मी म्हणणार नाही, तिला माहीत नसेल. पण तिला माहीत नसलेल्या गोष्टीवर तू आयुष्याची इतकी वर्षं का टांगून ठेवतेस?

आय-१४० हा कंपनीचा अर्ज असतो, मंजुरीची नोटीसही कंपनीकडे किंवा तिच्या वकिलाकडे जाते. म्हणून आज लेखी माग. टाळाटाळ झाली तर फॉयाखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकार कायद्याखाली, सरकारकडे अर्ज करून आपल्या फाईलची प्रत मागवता येते. वकील सभ्य असेल, फोनही घेत असेल, पण त्याचं बिल कंपनी भरते. पर्मचा खर्च तर कायद्यानेच कंपनीला करावा लागतो. तुझं हित आणि कंपनीचं हित वेगळं झालं, की तो कुणाच्या बाजूला उभा राहणार हे तुझ्यासारख्या हुशार मुलीला सांगायला नको.

आणि मिळालेली प्रत कंपनीच्या मेलमध्ये ठेवू नकोस. नोकरकपात होते तेव्हा सकाळीच लॉगिन बंद होतं. त्यानंतर नवी नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधायला फार तर ६० दिवस. ते दिवस जुन्या एचआरकडे कागद मागण्यात घालवणारी मुलं मी पाहिली आहेत.

नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यात नवरा, बायको, मुलंही मोजली जातात. एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के, आणि देश धरायचा तो जन्माचा. २०२५ संपताना ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या वर्गातली भारताची रांग २०१३ च्या तारखांवर होती. तुझी तारीख कितीतरी पुढची. तेव्हा "ग्रीन कार्ड आलं की बघू" हे वाक्य तू बोलूच नकोस. लग्न, घर, नोकरीतली उडी, सगळं या रांगेत उभं राहूनच करायचं आहे.

माझी बायको आर्किटेक्ट. इथे आली तेव्हा एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करायला परवानगी नव्हती. ती वाट २०१५ च्या मे महिन्यात उघडली, तीही जोडीदाराचा आय-१४० मंजूर असेल किंवा त्याला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असेल तरच. तोवर तिची उमेदीची वर्षं स्वयंपाकघरात आणि मुलाच्या शाळेच्या फेऱ्यांत गेली. कायद्यापुढे आमचा इलाज नव्हता, पण ती हळहळ अजून जात नाही. म्हणूनच, जे आपल्या हातात आहे ते तू दुसऱ्यावर सोडलंस की माझा तोल जातो.

ऑफिसात मला किचकट म्हणत. म्हणू देत. वकिलाकडून आलेला एकही फॉर्म वाचल्याशिवाय मी त्यावर सही केली नाही. एकदा पर्मच्या मसुद्यात माझ्या आधीच्या नोकरीच्या तारखा चुकल्या होत्या. दुरुस्त होईपर्यंत मी अडून बसलो. अर्ज लांबला, साहेब नाराज झाले, पुढची बढतीही हुकली. रांगेत थोडा मागे पडलो असेन. पण तीच चूक पुढे आय-१४०च्या वेळी निघाली असती, तर बढती मिळालेल्या माणसाचीही केस अडली असती. आज ती वेळ आली तरी मी पुन्हा तेच करीन.

गेल्या सप्टेंबरची ती शुक्रवारची रात्र आठव. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-वनवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज वाचून तू नवरात्राचं तिकीट रद्द केलंस. दुसऱ्याच दिवशी सरकारने सांगितलं की फी नव्या अर्जांना आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. इथे राहून एच-वन दुसऱ्या कंपनीकडे नेणाऱ्यांनाही ती लागत नाही, हे ऑक्टोबरमध्ये स्पष्ट झालं. घाबरलीस याचा राग नाही, सगळेच घाबरले होते. मूळ कागद उघडला नाहीस, याचा आहे.

तसाच आय-९४, म्हणजे इथे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारी प्रवेशाची नोंद. देशात येताना दर वेळी तो साइटवरून काढून वाच. पासपोर्ट एच-वनच्या आधी संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टच्याच तारखेपर्यंत मुदत देऊ शकतो. मंजुरीच्या कागदावर दोन वर्षं शिल्लक दिसतात आणि इथला मुक्काम संपलेला असतो. कंपनीला ते कळतही नाही. तुझी फाईल तूच वाचायची, अजून किती वेळा सांगू?

पुण्यातल्या जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर पर्मसाठी पुरणार नाही. काय काम केलंस, कुठून कुठपर्यंत, पूर्णवेळ होतं का, हे सगळं लेटरहेडवर लागतं. तिथले तुझे साहेब निवृत्त व्हायच्या आत घे. जन्मदाखलाही बघ. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, आईचं नाव कुठे माहेरचं तर कुठे सासरचं. वडिलांना नगरपालिकेत पाठव, नाव नोंदवून घे, मराठी दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेव. ऐनवेळी नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जमवत बसावं लागू नये.

नवी ऑफर चांगली आहे. १८० दिवस झाले असतील तर घे, माझं मत विचारत बसू नकोस. झाले नसतील तर उरलेले दिवस मोज आणि नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख तेवढी पुढे मागून घे. मागायला लाजू नकोस, त्यांना तू हवी आहेस. त्यांच्याकडून पर्म कधी सुरू करणार हेही ऑफर लेटरमध्ये लिहून घे.

काकूने डिंकाचे लाडू केले आहेत. शनिवारी ये, येताना लॅपटॉप आण. आय-१४०ची नोटीस आपण दोघं मिळून ओळीओळीने वाचू.

तुझा,
काका