भाऊंच्या वहीत राहिलेला रकाना

ताई,

आमचे हे रेल्वेत आहेत. कागदावर जन्म १ जूनचा, म्हणून येत्या ३१ मेला रिटायर होतील. तीस वर्षं भुसावळलाच क्वार्टरमध्ये काढली. जामनेर रोडला आमचं चार खोल्यांचं बैठं घर आहे, ते भाड्यानं दिलंय. मुलगा पुण्याला, मुलगी जळगावला दिलीय.

यांनी दिवाळीपासून एक वही केलीय. भुसावळ, नाशिक, पुणे, दापोली अशी चार गावं आणि हवा, खर्च, दवाखाना, पाणी असे चार रकाने. प्रत्येकाला दहापैकी मार्क. नाशिक पहिलं आलं, भुसावळ शेवटचं. आता घर विकून, मिळणाऱ्या पैशांत भर घालून नाशिकला पंचावन्न लाखांचा फ्लॅट घ्यायचा म्हणतात. मला जायचं नाही. पण का नाही, ते सांगता येत नाही. ऊन मलाही सोसत नाही, मागच्या मे महिन्यात दोनदा चक्कर आली. मी काही बोलले की हे वही पुढे करतात. ज्वारीचे बिबडे (उन्हात वाळवायचे पापड) यंदा शेवटचे, असं शेजारच्या वहिनींना सांगितलं तर त्या रडायला लागल्या, म्हणून विषय बदलला. माझंच काही चुकतंय का?

— एक वाचक, भुसावळ

---

तुमचं काही चुकत नाही. भाऊंचंही फारसं चुकत नाही. म्हातारपणी कुठं राहायचं याचा हिशोब वहीत मांडणारा नवरा मिळणं सोपं नाही. बहुतेक जण मुलाचा फोन येईपर्यंत थांबतात आणि मग एका बॅगेत निघतात.

(१ जूनची गंमत वाटली. आपल्या पिढीतले निम्मे पुरुष त्याच दिवशी जन्मले, शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांच्या कृपेनं. आणि एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर व्हायचं. म्हणजे ऐन भट्टीत.)

पहिला रकाना हवेचा, त्यापासूनच सुरुवात करू. भुसावळ समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या जरा वर, तापीच्या खोऱ्यात. नाशिक सहाशेच्या आसपास. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे निव्वळ उंचीनं मिळतो तो अडीच अंशांचा दिलासा. बाकीचं काम पश्चिमेकडून येणारं वारं करतं. नाशिकनंही एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडलेली आपण पाहिलीय. खरा फरक असतो तो रात्रीचा. नाशिकला मे महिन्यातही पहाटे चादर ओढावीशी वाटते आणि आपल्याकडे रात्री दोन वाजता भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. हा फरक खरा आहे आणि साठीनंतर तो जास्त जाणवतो. तेव्हा भाऊंनी दिलेले मार्क मी खोडत नाही.

पण ते मार्क त्यांनी किती महिन्यांचे दिले? आपली भट्टी एप्रिलला पेटते आणि जूनच्या मध्यावर पहिल्या पावसानं विझते. अडीच महिने. उरलेल्या साडेनऊ महिन्यांचं काय? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी दहाला उन्हात खुर्ची टाकून बसावं अशी हवा असते. त्याच दिवसांत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर असतो आणि सांधे धरणाऱ्या माणसाला नाशिकची थंडी काही प्रेमानं वागवत नाही. भाऊंचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. रेल्वेत आयुष्य गेलेल्या माणसाचे गुडघे मी गृहीत धरते.

दापोलीला दुसरा नंबर मिळाला असेल तर तो उन्हाळ्याचे फोटो बघून. तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे सातशेच्या आसपास. चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या साडीला बुरशी येते. आणि तुमचा कूलर तिथं नुसतं लोखंडी खोकं. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, त्याला हवा कोरडी लागते. खान्देशाच्या हवेत तो जितका चालतो तितका कोकणात चालणारच नाही, कारण तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली. दापोली खोडा.

कूलरवरून आठवलं. तुम्हाला दोनदा चक्कर आली हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी पुढे जाणार नाही. बीपीची गोळी चालू आहे का? त्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणि मीठ झपाट्यानं उतरतं. गोळी मनानं बंद करू नका, पण मार्च संपायच्या आत डॉक्टरांना एकदा दाखवा आणि उन्हाळ्यासाठी डोस तोच ठेवायचा का ते विचारा. दुसरं, पारा चाळिशीच्या वर गेला की नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. मान आणि हात ओल्या फडक्यानं पुसत राहा, मग त्याच पंख्याचा उपयोग होतो. आणि कूलर लावल्यावर समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. थंडावा निघून जाईल म्हणून आपल्याकडे सगळी दारं-खिडक्या बंद करतात, मग तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं आणि कूलरला शिव्या बसतात.

आता जामनेर रोडचं घर. बैठं घर म्हणजे डोक्यावर स्लॅब, आणि आपल्याकडचं निम्मं ऊन त्या स्लॅबमधून खाली येतं. आपले आजोबा-पणजोबा धाब्याच्या घरात राहिले, वर हातभर मातीचा थर, खाली भर दुपारी बिनपंख्याची झोप. ती माती गेली आणि चार इंची काँक्रीट आलं. पश्चिमेच्या भिंतीबाहेर कडुलिंब आहे का? नसेल तर या पावसाळ्यात लावा. गच्चीवर दर मार्चला चुन्याचा पांढराशुभ्र हात मारा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा बांधा, आतून नव्हे. एका झोपायच्या खोलीला एसी बसवा. विजेचं बिल मे महिन्यात फुगेल, फुगू द्या. नाशिकच्या सोसायटीचा मेंटेनन्स बाराही महिने द्यावा लागतो.

आणि इथं मला भाऊंची वही हातात घ्यायचीय. खर्चाच्या रकान्यात त्यांनी भाजी, दूध, कामवालीचा पगार, रिक्षा मांडलं असणार. पुरुष माणूस हिशोबाला बसला की कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत जातो आणि पंचावन्न लाख विसरतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२३ पासून तिथं ८.२ टक्के व्याज मिळतंय, दर तीन महिन्यांनी खात्यात. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. फ्लॅट घेतला की हे साडेवीस हजार गेले. मेथीची जुडी नाशिकला दोन रुपयांनी स्वस्त मिळून ते भरून निघायचे नाहीत. त्यातल्या एका तिमाहीच्या व्याजात तुम्ही दर वर्षी एप्रिल ते जून नाशिकला भाड्याची खोली घेऊन राहू शकता, वर द्राक्षांच्या हंगामाचा शेवटही गाठाल. हे खातं भाऊंच्या नावावर उघडताना तुमचं नाव जोडीदार म्हणून लावून घ्या. विसरू नका, बँकेतला माणूस आपणहून सुचवेलच असं नाही.

दवाखान्याच्या रकान्यात भुसावळला कमी मार्क का, ते मला कळलं नाही. मोठी शस्त्रक्रिया असेल तर नाशिक-पुणे बरं, मान्य. पण रेल्वेच्या माणसाला निवृत्तीच्या वेळी ठरावीक रक्कम एकदाच भरून नवरा-बायको दोघांना जन्मभर रेल्वेचा दवाखाना मिळतो, आणि भुसावळला विभागाचं रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. रात्री अकराला छातीत दुखलं तर सर्वांत चांगलं रुग्णालय तेच, जे पंधरा मिनिटांत गाठता येतं. नाशिकला जायचं ठरलंच तर रेल्वेच्या कार्डावर तिथलं कोणतं खासगी रुग्णालय चालतं, हे भाऊंनी स्वतः जाऊन विचारावं, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

पाण्याच्या बाबतीत भाऊंचं बरोबर आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाची वाट बघणं हे एक कामच असतं. फ्लॅट घ्या वा न घ्या, टाकी मोठी बसवा. पण नाशिकच्या त्या फ्लॅटच्या परिसरातही मे महिन्यात टँकर येतो का, हे तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा. बिल्डरला नको.

एवढं सगळं झालं, तरी वहीत एक रकाना राहिलाच आहे. तो भाऊ कधीच आखणार नाहीत, म्हणून मी आखते. वाईट वाटेल, पण वाचा.

मी आणि आमचे हे चाळीसगावचं घर विकून पुण्याला सहाव्या मजल्यावर गेलो. हवा छान. गॅलरीत तुळस, समोर टेकडी. यांनाही असाच आकड्यांचा नाद. चार वर्षांनी हे गेले. दहावा-तेरावा झाला, माणसं पांगली आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की त्या इमारतीत मला नावानं ओळखणारा फक्त वॉचमन आहे. बँक कुठली हे यांना माहीत होतं. गॅसचा नंबर यांच्या फोनमध्ये. मंडईत लांबडी जांभळी वांगी बघून मी रडले, भरताचं हिरवं वांगं मिळेना म्हणून. असल्या वेड्यासारख्या गोष्टीवर रडू येतं. सव्वा वर्षानं मी जळगावला भाड्याच्या दोन खोल्यांत परत आले. चाळीसगावचं घर विकलेलं होतं, त्या पैशांत आता तिथं अंगणही मिळालं नसतं.

तुम्ही भाऊंपेक्षा वयानं लहान आहात, असणारच. देव करो आणि दोघंही नव्वदी गाठोत. पण दोघांतलं एक मागं राहतं, आणि आपल्या घरांत बहुधा बाईच राहते. तेव्हा वहीत नवा रकाना आखायचा: "ही एकटी असताना". खर्चाचे आकडे त्यासाठी वेगळे. भाऊंची पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. ते ६७ वर्षांचे झाल्यानंतर काही झालं तर तुमच्या हाती येईल ती ३० टक्के, दोन्हींवर महागाई भत्ता धरून. त्यात नाशिकचा मेंटेनन्स बसतो का? बैठ्या घराला मेंटेनन्स नसतो आणि दोन खोल्यांत बिऱ्हाड ठेवलं तर भाडं येतं, शिवाय रात्री भिंतीपलीकडे माणूस असतो. मुलगी २५ किलोमीटरवर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, सकाळी जाऊन जेवून दुपारी परत. पुण्याचा मुलगा वाईट नाही, पण तो रजा टाकून येणार आणि मुलगी डबा घेऊन येणार, यात फरक आहे.

आणि पत्रात "का ते सांगता येत नाही" असं लिहिलंत, पण तीन ओळी खाली सांगून टाकलंत. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, लसूण-तीळ घालून घाटा शिजवायचा, धोतरावर बिबडे थापायचे. हे एकटीचं काम नाही, त्याला चार बायका आणि कडक ऊन लागतं. ज्या उन्हाला भाऊंनी दहापैकी दोन मार्क दिले, तेच ऊन. वहिनी रडल्या तेव्हा विषय बदलायला नको होता. तुम्ही पडलात तर दार ढकलून आत येणारी बाई तीच आहे, आणि हे भाऊंना रकान्यात लिहून दिलं तर त्यांना ते लगेच कळेल. भावना म्हणून सांगाल तर वही पुढे येईल. सोय म्हणून सांगा.

भांडू नका. वहीला "नाही" म्हणू नका, प्रयोग मागा. ३१ मेचा सत्कार झाला, हार-नारळ घरी आला की जूनच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तीनंतरच्या पासवर दोघंही नाशिकला जा आणि महिनाभर भाड्यानं राहा. मग डिसेंबरात पुन्हा पंधरा दिवस, थंडीचे. एका दिवशी भाऊंनी मुद्दाम सकाळपासून बाहेर जायचं आणि तुम्ही एकटीनं बँक, भाजी, औषधं, लाइट बिल उरकायचं. मग वहीत तुमच्या हातानं मार्क द्या. नाशिकलाच जास्त पडले तर मला लिहा, मी माझा सल्ला मागे घेईन. पण तोवर जामनेर रोडच्या घराचा सौदा करायचा नाही, इसार घ्यायचा नाही, दलालाला किल्ली द्यायची नाही.

आणि क्वार्टर काही महिन्यांत सोडावं लागेल, तेव्हा आधी आपलं घर रिकामं हवं. भाडेकरूशी केलेला अकरा महिन्यांचा करार कधी संपतो, ते आज रात्रीच काढून बघा.