एअरलाइनचा पायलट व्हायला नेमकं काय यावं लागतं?

प्रश्न असा आहे: "मी लातूरला बारावी सायन्सला आहे. एटीपीएलसाठी कोणती कौशल्यं आणि किती ज्ञान लागतं? माझं गणित बरं आहे, पण मी टॉपर नाही. शाळा मराठी माध्यमाची होती."

मी एअरबस 320 वर कॅप्टन आहे. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

आधी लायसन्सचं सांगतो. नोकरीला लागायला एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, लागत नाही. 200 तासांच्या उड्डाणानंतर कमर्शियल लायसन्स मिळतं, त्यावर टाइप रेटिंग (एका ठरावीक प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण आणि परवानगी) करून उजव्या सीटवर फर्स्ट ऑफिसर म्हणून बसता येतं. एटीपीएल हवं ते डाव्या सीटसाठी, म्हणजे कमांडसाठी: वय किमान 21, निदान 1500 तास आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षा, ज्यात पास व्हायला 70 टक्के लागतात. तास भरतात, पेपरही निघतात. अवघड भाग वेगळाच आहे.

गणिताची काळजी सोड. कॉकपिटमध्ये कॅल्क्युलस लागत नाही. लागते ती तोंडी आकडेमोड, तीही कानात रेडिओ चालू असताना. 36,000 फुटांवर आहेस? हजारांना तीनने गुण, 108. म्हणजे साधारण 108 नॉटिकल मैल आधी खाली यायला सुरुवात करायची. फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत शेवटी उतरताना, जमिनीवरचा वेग 140 नॉट (ताशी 140 नॉटिकल मैल) आहे? निम्मे करून पुढे शून्य लाव, म्हणजे मिनिटाला 700 फूट खाली यायचं. हे सगळं विमानाचा कम्प्युटर करतोच. पण त्याला चुकीचा आकडा आपणच भरला असेल, तर तो बिनतक्रार चुकीचं उत्तर देतो. ते खटकायला आपल्या डोक्यात अंदाज आधीच तयार असावा लागतो.

विषयांमध्ये मला सगळ्यात जवळचा हवामानशास्त्राचा. मे महिन्यात मराठवाड्यावर वळवाचे ढग चढतात ते तू घराच्या गच्चीवरून पाहिले असशील. त्यांचे माथे 45,000 फुटांच्याही वर जातात आणि आमचं विमान जेमतेम 39,000 पर्यंत, त्यामुळे वरून जायचा प्रश्नच नाही. बाजूने जायचं, शक्यतो 20 मैल अंतर ठेवून. रडारवर हिरवा, पिवळा, लाल रंग दिसतात, पण ते रंग पाण्याच्या थेंबांचे असतात. माथ्याजवळचे बर्फाचे कोरडे कण रडारला नीट दिसतच नाहीत. समोरचा पाऊस फार जोराचा असेल तर रडारची शक्ती त्यातच संपते आणि मागे दुसरा ढग उभा असला तरी पडद्यावर काळी, मोकळी जागा दिसते. नवख्याला तीच वाट वाटते. रडार कसं चालतं हे ज्याने मुळातून समजून घेतलंय, तो तिकडे वळत नाही. घोकून 70 टक्के मिळतात, पण हे घोकून येत नाही.

असंच ओल्या धावपट्टीचं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढून नऊने गुणलं की चाक पाण्यावर तरंगायला लागायचा वेग मिळतो. आमच्या टायरला दाब 200 पीएसआयच्या आसपास, म्हणजे सुमारे 127 नॉट. आणि आम्ही टेकतो 135 च्या घरात. धावपट्टीवर पाणी साचलं असेल तर टेकताक्षणी चाक पाण्यावर असण्याचा धोका खरा आहे. म्हणून पावसात विमान अलगद टेकवायचं नसतं, ठामपणे टेकवायचं असतं. प्रवासी म्हणतात लँडिंग जोरात झालं. त्यांना तसं वाटलं तरी चालेल, पाणी फोडून चाकाने डांबर पकडलं पाहिजे.

आता एक प्रसंग सांगतो. जुलैची रात्र, नागपूरहून मुंबई. विमान मी उडवत होतो. शेजारी माझ्याहून वीस वर्षांनी लहान फर्स्ट ऑफिसर होती. साधारण 300 फुटांवर धावपट्टीचे दिवे दिसले, मी "लँडिंग" म्हणालो, आणि पुढच्या काही सेकंदांत पावसाची एक सर आडवी आली. वायपर पूर्ण वेगात, तरी काचेबाहेर फक्त पांढरं. दिवे गेले. ते परत दिसतील असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. तेवढ्यात उजवीकडून आवाज आला, "गो-अराउंड." म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. आवाज चढलेला नव्हता. ठरलेला शब्द, ठरलेल्या वेळी. मी थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर वाढवणारे दांडे) पुढे ढकलले, नाक वर घेतलं, तिने आकडे वाचले, चाकं आत गेली.

वर आल्यावर इंधन होतं 4,200 किलो. मुंबईत उतरता आलं नाही तर जायचं ठरलेलं विमानतळ अहमदाबाद, तिथे जायला 2,100, शेवटचा अर्ध्या तासाचा राखीव साठा 1,100. उरले 1,000 किलो, मिनिटाला 40 किलो धरले तर 25 मिनिटं. दुसरा अप्रोच, म्हणजे उतरायचा आणखी एक प्रयत्न, करायचा तर वळसा घालून पुन्हा रांगेत यायलाच पंधरा मिनिटं जाणार, आणि तोही फसला तर हातात काहीच उरणार नाही. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "सर, पाऊस पश्चिमेकडून अजून येतोय. अहमदाबाद." आम्ही अहमदाबादला गेलो.

ती गप्प बसली असती तर काय झालं असतं हे मी अनेकदा मनात करून पाहिलंय. 22 मे 2010 ला मंगळूरला काय झालं ते तू वाच. दुबईहून आलेलं बोइंग 737 फार उंचावरून, फार वेगात आलं, धावपट्टीचा बराच भाग मागे टाकून टेकलं आणि टेबलटॉप (टेकडीच्या माथ्यावरच्या, टोकाला उतार असलेल्या) धावपट्टीच्या टोकावरून खाली गेलं. 166 पैकी 158 माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते, आणि फर्स्ट ऑफिसरने तीनदा गो-अराउंड सुचवूनही अप्रोच सोडला गेला नाही. हात त्यांचा कच्चा नव्हता, हजारो तासांचा अनुभव होता. म्हणून मी सांगतो, वरिष्ठाला वेळेवर थांबवता येणं आणि धाकट्याचं ऐकून हातातलं काम सोडून देता येणं, ही दोन कौशल्यं सगळ्यांच्या वर आहेत. आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलायची सवय नसते. ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सरांचा आकडा चुकला तर नम्रपणे, पण स्पष्ट सांगायला आजपासून सुरुवात कर.

इंग्रजीचं म्हणशील तर मीही मराठी माध्यमाचाच. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) मोजपट्टीवर किमान चौथी पातळी लागते. साहित्यिक इंग्रजी नको, पण ठरलेलं वाक्य ठरलेल्याच शब्दांत यायला हवं. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळून 583 माणसं गेली, त्यात रेडिओवरच्या एका संदिग्ध वाक्याचा मोठा वाटा होता. त्यानंतर "टेक-ऑफ" हा शब्द टॉवरकडून फक्त टेक-ऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं. एरवी "डिपार्चर" म्हणायचं.

आणखी एक. लायसन्स मिळालं म्हणजे परीक्षा संपल्या असं नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसावं लागतं: टेक-ऑफच्या ऐन वेळी इंजिन बंद, धूर, केबिनचा दाब गेलेला. इतक्या वर्षांनंतरही आदल्या रात्री मी मॅन्युअल उघडून बसतो. ज्याला अभ्यासाचा कंटाळा आहे त्याने या वाटेला येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझ्यासाठी आत्ताचं काम एकच. कुठल्याही फ्लाइंग स्कूलला पैसे भरण्याआधी पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, म्हणजे क्लास 2 आणि मग क्लास 1 मेडिकल, करून घे. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कर्ज काढल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत. चष्मा असला तरी सहसा अडत नाही. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही ठेव. मेडिकल झालं की इथेच खाली लिही, पुढचं मी सांगतो.